झडप बदलली, तरी टू-डी इको चुकवू नका

आमच्या गटातल्या एका ताईंची हृदयाची झडप बदलून तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी त्या तपासणीला गेल्या. पुढं "आता बरं वाटतंय, गाडीभाडं कशाला घालवायचं?" म्हणून राहिल्या. गोळ्याही मधेमधे चुकल्या. यंदा पाण्याचा हंडा घरात आणतानाच त्यांना धाप लागायला लागली. इको केल्यावर कळलं, धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरली होती. वेळेत उपचार झाले म्हणून ताई आज आपल्यात आहेत. तेव्हाच आम्ही ठरवलं, हा विषय सगळ्यांपुढं मांडायचा.

विहिरीतल्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह पाणी मागं जाऊ देत नाही. हृदयातल्या चार झडपा रक्तासाठी तेच काम करतात. लहानपणी घसा दुखून नंतर सांधे धरणारा ताप आला, तर पुढं काहींच्या झडपा अरुंद किंवा गळक्या होतात. मग झडप बदलावी लागते.

नवी झडपही जपावी लागते. धातूची झडप टिकाऊ, पण तिच्यावर गुठळी होऊ शकते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. प्राण्याच्या ऊतींची झडप साधारण १० ते १५ वर्षांत झिजते. दोन्हींत टाक्यांच्या कडेनं गळती किंवा जंतुसंसर्ग होऊ शकतो.

इकोला घाबरायचं कारण नाही. छातीवर जेल लावून यंत्र फिरवतात. ते ध्वनिलहरींवर चालतं. सुई नाही, एक्स-रे नाही. गरोदरपणातही चालतं. झडप नीट उघडते का, गळते का, हृदय किती जोरानं रक्त ढकलतं, हे पडद्यावर दिसतं. धातूची सावली पडून नीट दिसलं नाही, तर अन्ननलिकेत बारीक नळी घालून मागच्या बाजूनं बघतात. त्यासाठी उपाशीपोटी जावं लागतं.

ऑपरेशननंतर साधारण दीड ते तीन महिन्यांत होणारा इको सर्वांत महत्त्वाचा. पुढचे सगळे रिपोर्ट त्याच्याशी ताडून बघतात. नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुधा वर्षातून एकदा. रक्ताची आयएनआर तपासणी वेगळी. इको केला म्हणून ती टाळायची नाही.

धाप, पायांवर सूज, न उतरणारा ताप, चक्कर, किंवा धातूच्या झडपेची टिकटिक दबल्यासारखी वाटली, तर तारखेची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, तर तडक १०८ ला फोन करा.

आमच्या गटानं आता तपासणीच्या भाड्यासाठी बिनव्याजी उचल सुरू केली आहे. तुमच्याही गटात विचारा, अशी कुणी आहे का? तिची तारीख गटाच्या वहीत लिहा. आणि तिला सांगा, पहिला रिपोर्ट रेशनकार्डाशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेव.