मिटल्या पापण्यांआड सभान स्वप्न

स्वप्न पडत असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे उमगते, तेव्हा त्याला सभान स्वप्न म्हणतात. ते मुद्दाम पाडू पाहणारे अनेक जण आधी डोळ्यांपाशीच अडतात. अंग निपचित पडते, श्वास संथ होतो. पण पापण्या घट्ट आवळलेल्या राहतात, नाहीतर नजर अंधारात काही दिसते का ते शोधत बसते. दोन्हींमुळे झोप लागायला उशीर होतो.

पापणी वर धरण्याचे काम एक स्नायू दिवसभर करत असतो. तो सैल पडला की पापणी आपसूक खाली येते, वेगळा जोर लागत नाही. जोर लावला तर डोळ्याभोवतीचा गोल स्नायू आवळतो आणि कपाळही ताणले जाते. डोळा लागू लागला की बुबुळे पापण्यांआड सावकाश इकडून तिकडे सरकतात. झोपेच्या प्रयोगशाळेत या हालचालीला झोप लागत असल्याची एक खूण मानतात. ही हालचाल ठरवून करायची नसते, होऊ द्यायची असते. याच वेळी रंगांचे ठिपके, चेहरे, तुटक दृश्ये तरळतात. त्यांच्यामागे नजर धावली की ती बहुधा विरतात. म्हणून समोरून जाऊ द्यावीत.

डोळे सैल सोडण्याची ही शिकवण महाराष्ट्रात शवासनामुळे घरोघरी पोचलेली आहे. लोणावळ्याला १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाला प्रयोगशाळेत नेले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी शवासनाचा रक्तदाबावर होणारा परिणाम तपासून १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी ‘लाइट ऑन योगा’ या १९६६ च्या ग्रंथात शक्य असल्यास चार घड्यांचे काळे कापड डोळ्यांवर ठेवायला सांगितले. शवासनात झोपायचे नसते, स्वप्न तर दूरच; तरी डोळ्यांपुरती युक्ती तीच. कापडाचा आणखी एक उपयोग आहे. पापणी उजेड पुरता अडवत नाही, लालसर प्रकाश आत झिरपतो. पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडीसारख्या कारखान्याच्या गावी रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

वेळही महत्त्वाची. ठळक स्वप्ने बहुतेक रेम झोपेत, म्हणजे डोळ्यांच्या जलद हालचालींच्या झोपेत पडतात. ही झोप साधारण दर दीड तासाने येते आणि पहाटेकडे लांबत जाते. म्हणून पाचेक तास झोपून उठायचे, थोडा वेळ जागे राहायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे, अशी रीत आहे. रात्रीची वीज आली म्हणून उसात दारं धरायला उठलेला पलूसचा शेतकरी परत येऊन अंथरुणाला टेकतो, तेव्हा नकळत हेच करतो. अर्थात ज्याची झोप आधीच अपुरी आहे, त्याने असले प्रयोग न करता सरळ झोपावे हे बरे.

रेम झोपेत हातापायांचे स्नायू लुळे पडतात. डोळ्यांचे आणि श्वासाचे मात्र चालू राहतात. शास्त्रज्ञांनी याचाच फायदा घेतला. १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात अ‍ॅलन वर्सली यांनी झोपेतच, आधी ठरल्याप्रमाणे, डोळे डावी-उजवीकडे फिरवून स्वप्नात भान असल्याची खूण दिली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवले. झोप लागेपर्यंत जे डोळे मोकळे सोडायचे, तेच स्वप्नात साक्षीदार ठरले.

कधी जाग येते, पण अंग लुळेच राहते. छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते, हाक फुटत नाही. हा झोपेतला लकवा बहुधा काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत ओसरतो. घाबरून धडपड करण्याऐवजी बुबुळे हळूच हलवावीत, श्वासाकडे लक्ष द्यावे. वारंवार होत असेल तर प्रयोग थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

नुसतेच स्वप्न मोडून जाग आली, तर डोळे उघडू नयेत आणि कूसही बदलू नये. पापण्या तशाच सैल ठेवून शेवटचे दृश्य आठवत पडून राहिल्यास काहींना पुन्हा त्याच स्वप्नात शिरता येते.