वित्तशास्त्राची उच्च पदवी : निवड आणि उपयोग

मुलगा किंवा मुलगी पदवीपरीक्षा उत्तीर्ण झाली, कीं "पुढें काय?" हा प्रश्न सुशिक्षित घरांत उभा राहतो. अलीकडे त्याचें एक उत्तर वारंवार ऐकूं येतें : वित्तशास्त्राची पदव्युत्तर पदवी. या पदवीसाठीं राहतें घर गहाण ठेवणारीं कुटुंबेंही आढळतात. म्हणून विद्यापीठाच्या नांवानें दिपून न जातां, हें शास्त्र पैशाचा विचार ज्या रीतीनें करावयास शिकवितें, त्याच रीतीनें या पदवीचाही विचार करणें उचित होय.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, एकाच नांवाखालीं निरनिराळें शिक्षण दिलें जातें. एका शाखेंत ताळेबंद वाचणें, धंद्याचें मोल ठरविणें, भांडवल उभारणें हे विषय असतात. बँका व कारखाने यांना अशीं माणसें हवीं असतात. दुसरी शाखा गणिताची आहे. १९५२ सालीं हॅरी मार्कोविट्झ यांनीं गुंतवणुकीची जोखीम मोजण्याची रीत मांडली. १९७३ सालीं फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांनीं ऑप्शनच्या किंमतीचें सूत्र प्रसिद्ध केलें. त्यांतून जी विद्या वाढली तिचा स्वतंत्र अभ्यासक्रम पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठानें १९९४ सालीं सुरू केला. तेथें संभाव्यताशास्त्र व संगणकाचें प्रोग्रॅमिंग यांवांचून पाऊल पुढें पडत नाहीं. तिसरी दिशा रोखेबाजाराच्या व्यवहाराची व नियमांची. सेबीनें २००६ सालीं स्थापिलेली व रायगड जिल्ह्यांत पाताळगंगा येथें असलेली राष्ट्रीय संस्था हेंच शिक्षण देते. ज्याला कलनशास्त्राचा कंटाळा आहे, त्यानें दुसऱ्या शाखेच्या वाटेस जाऊं नये. तेव्हां माहितीपत्रकांतील चित्रें बाजूस ठेवून विषयांची यादी वाचावी.

दुसरी गोष्ट खर्चाची. समजा, परदेशीं दोन वर्षें शिकण्यासाठीं दरसाल दरशेंकडा १० रुपये व्याजानें ४० लाखांचें कर्ज आरंभींच काढलें. शिक्षण संपेपर्यंत सरळ व्याजच ८ लाख होतें. मग ४८ लाख रुपये दहा वर्षांत फेडावयाचे, तर दरमहा सुमारें ६३,४०० रुपयांचा हप्ता पडतो. शिवाय नोकरी करून वर्षाला ६ लाख मिळविणाऱ्याचे दोन वर्षांचे १२ लाख बुडाले, तेही खर्चाच्याच बाजूस मांडले पाहिजेत. परदेशांत नोकरी मिळाल्यास हा हप्ता जड नाहीं. पण तेथील परवान्याचे नियम बदलतात, आणि स्वदेशीं परतून रुपयांत पगार घ्यावा लागला, तर तोच हप्ता घराचा कणा मोडूं शकतो. म्हणून हिशेब नेहमीं वाईट वर्षाचा करावा. ज्याला नोकरी सोडणें शक्य नाहीं, त्याला सी. एफ. ए.च्या तीन परीक्षा नोकरी सांभाळून देतां येतात, हाही मार्ग विचारांत घ्यावा.

तिसरी गोष्ट पगाराच्या आंकड्यांची. पांच विद्यार्थ्यांना अनुक्रमें ८, ८, ९, १० व ४० लाखांच्या नोकऱ्या मिळाल्या, तर सरासरी १५ लाख निघते. परंतु पांचांपैकीं चौघांना त्याहून पुष्कळ कमी मिळालें आहे. येथें मधला आंकडा ९ लाख, तोच खरें सांगतो. संस्थेस म्हणूनच विचारावें कीं, मधला पगार किती, व किती विद्यार्थ्यांनीं आपला पगार कळविलाच नाहीं? उत्तर टाळलें गेलें, तर तेंही एक उत्तरच समजावें.

प्रवेश मिळाल्यानें काम संपत नाहीं. अभ्यासक्रम बहुधा वर्षा-दोन वर्षांचा असतो, आणि नोकरीसाठीं अर्ज पहिल्या सहामाहींतच करावे लागतात. म्हणून हिशेबशास्त्र व संख्याशास्त्र यांची उजळणी निघण्यापूर्वींच व्हावी. दरमहा एका कंपनीचा वार्षिक अहवाल तळटीपांसह वाचावा व तिचें मोल स्वतः काढून अध्यापकांस दाखवावें. पूर्वीं तेथें शिकून गेलेल्यांना नोकरी न मागतां, त्यांचें रोजचें काम काय असतें हें विचारावें. या संवयीनें जें मिळतें तें प्रमाणपत्रावर लिहिलेलें नसतें.

गुंतवणूक करण्यापूर्वीं तिचें मोल पाहावें, हा वित्तशास्त्राचा पहिला पाठ. तो ज्या घरानें प्रवेशाच्या अर्जावर सही करण्याआधींच गिरविला, तें घर पुढें हप्त्यांच्या ओझ्याखालीं सहसा दबणार नाहीं.