आधी पडू द्या, मग ओढा

खाडीकाठी गरीला कोळंबी किंवा बांगड्याचा तुकडा लावून बसलं, की निम्मं काम आमिषाचा वासच करतो. मासा शोधत येतो. मऊ प्लॅस्टिकच्या आमिषाला असा आधार नसतो. पाकिटातून काढलेला तो लवचीक मासा पाण्यात निर्जीवच असतो. तो जिवंत वाटावा, ही सगळी जबाबदारी गरवणाऱ्याच्या हातावर येते. पाणी, तळ आणि मासा यांच्याकडे नीट लक्ष दिल्याशिवाय हे आमिष काही देत नाही, म्हणूनच गरवणं शिकायला ते इतकं चांगलं.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात निक क्रीम यांनी 1949 साली मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ घडवलं आणि या आमिषांचा धंदा तिथून वाढला. आजही बहुतेक आमिषं पीव्हीसीची भुकटी आणि तिला मऊ ठेवणारं तेलकट रसायन यांच्या मिश्रणातून बनतात. मिश्रण तापवून साच्यात ओततात. रसायन जास्त, तितकं आमिष मऊ आणि शेपूट चपळ. पण ते फाटतंही लवकर.

आकार पुष्कळ मिळतात. शिकताना एकच घ्या: चपट्या शेपटीचा, तीन ते चार इंची मासा, ज्याला दुकानात पॅडल टेल म्हणतात. तो ओढला की शेपूट आपोआप डावी-उजवीकडे हलते आणि पाण्यात कंप उठतात. माशाच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला हे कंप कळतात, त्यामुळे गढूळ पाण्यातही त्याला भक्ष्याचा माग लागतो. कोकणातल्या खाड्या वर्षातले बरेच महिने गढूळच असतात.

सोबत सात फुटी मध्यम ताकदीचा रॉड, 3000च्या आसपासचं स्पिनिंग रील आणि 20 पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेला दोर, पुरतो. ब्रेडच्या टोकाला अर्धा वाव लांबीचा, 30 ते 40 पौंडी लीडर, म्हणजे जाड दोराचा तुकडा, जोडा. खाडीतल्या जिताडा माशाच्या कल्ल्यांवरच्या झाकणाची कड धारदार असते, तिथे नुसता ब्रेड टिकत नाही. रोजच्या गरवणीत तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, चालतो, पण तो ताणला जातो आणि हलका धक्का हातापर्यंत पोचत नाही. ब्रेड ताणला जात नाही, आणि या प्रकारात सगळी मदार त्या धक्क्यावरच आहे.

आता जिगहेड, म्हणजे शिशाचं डोकं ओतलेली गरी. आमिष तिच्यावर चढवताना घाई करू नका. आधी गरी आमिषाच्या शेजारी धरा आणि तिचा बाक जिथे येतो तिथे पाठीवर नखाने खूण करा. टोक नाकाच्या बरोबर मधोमध खुपसा, आमिष हळूहळू पुढे सरकवत न्या आणि खुणेपाशी टोक पाठीतून वर काढा. मग डोळ्यांसमोर धरून वरून पाहा. अंग कुठे वाकलं असेल, एका बाजूला फुगलं असेल, तर काढून पुन्हा चढवा. वाकडं बसलेलं आमिष पाण्यात गरगर फिरतं, दोराला पीळ घालतं आणि मासा त्याच्याकडे फिरकत नाही. पायाशी नितळ पाण्यात बुडवून, हळू ओढून शेपूट पाहून घ्या. कांदळवनाच्या मुळांत टाकायचं असेल, तर टोक अंगातच लपणारी वाकडी गरी वापरा, म्हणजे ती मुळांत कमी अडकते.

वजनाचा नियम सोपा: तळ लागेल इतकं, त्याहून जास्त नाही. दीड-दोन मीटर संथ पाण्याला 5 ते 7 ग्रॅम, ओढ असेल तर 10 ते 14. जड डोकं दगडासारखं खाली जातं, हलकं डोकं आमिषाला तरंगत उतरायला वेळ देतं.

पाणी कसं असेल ते तिथीवरून काढता येतं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीला तीनाने गुणून चाराने भागा, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला ती सहा येते. पहाटे-सकाळी सहाला भरती, मग दुपारपर्यंत ओहोटी. शिकण्यासाठी अष्टमीच्या आसपासचा हा भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटीचा काळच धरा, कारण पाण्याला ओढ कमी असते आणि गाळही कमी उसळतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला हलकं आमिष तळाला टेकतच नाही.

जागा निवडताना मासा का थांबेल ते शोधा. खारेपाटातल्या बांधांना उघाड्या, म्हणजे पाणी सोडायची दारं असतात. बाहेरचं पाणी उतरलं की आतलं पाणी उघाडीतून खाडीत धावतं आणि त्याबरोबर बोयटाची पिल्लं, कोळंबी बाहेर पडते. जिताडा प्रवाहात झुंजत बसत नाही. धावतं आणि संथ पाणी जिथे भेटतं, त्या कडेला तो दबा धरून असतो. तांबोशी मुळांत आणि खडकांत असते. आमिष प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका, म्हणजे ते खऱ्या पिल्लासारखं वाहत त्या कडेपर्यंत येईल.

आमिष पाण्यात पडल्यावर नवशिक्या लगेच रील फिरवू लागतो. तो मोह आवरा. रील बंद करा, दोर जेमतेम ताठ ठेवा आणि मनात आकडे मोजत आमिष उतरू द्या. तळ लागला की दोर सैल पडतो. मग रॉडचं टोक दोन-तीन वितींनी वर उचला, पुन्हा खाली आणा आणि सैल झालेला दोर गुंडाळत आमिष पडू द्या. पुन्हा तळ, पुन्हा उचल.

बहुतेक वेळा मासा घेतो तो या पडण्यातच. जखमी पिल्लू असंच धडपडत खाली जातं. जिताडा चावा घेत नाही, तोंड झटकन उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो आणि प्लॅस्टिक कळलं की तितक्याच चटकन थुंकतो. हाताला कधी 'टक्' असं जाणवतं, कधी काहीच नाही. म्हणून नजर दोर पाण्यात शिरतो त्या जागेवर खिळलेली हवी. दोर उडाला, बाजूला सरकला, किंवा आठ आकडे लागायचे तिथे पाचालाच सैल पडला, तर मासा आहे. सैल दोर गुंडाळून रॉड जोरात मागे घ्या. जिताड्याचं तोंड टणक असतं.

ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की दोर सोडणारा रीलचा ब्रेक, आधीच दोराच्या ताकदीच्या पावपट लावून ठेवा, 20 पौंडी दोराला साधारण सव्वादोन किलो. मासा पाण्याबाहेर उसळला की रॉडचं टोक खाली न्या, पण दोर सैल सोडू नका.

जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे दांडगे जिताडे बहुधा माद्याच. घरापुरता मध्यम मासा ठेवा, मोठा ओल्या हातांनी पाण्यातच सोडा. फाटलेलं प्लॅस्टिक आणि तुटलेलं शिसं खिशात घालून घरी आणा. खाडीत ते वर्षानुवर्षं कुजत नाही.

मासा लागत नसेल, तेव्हा रंग बदलत बसू नका. आधी जागा बदला, मग वजन, मग उतरण्याचा वेग, आणि सगळ्यात शेवटी रंग. जो आमिष नीट पडू द्यायला शिकला, त्याला एका पाकिटावर अख्खा हंगाम काढता येतो.