दिल्ली ते देवगिरी

छत्रपती संभाजीनगर शहराच्या पूर्वेस चिकलठाणा येथे विमानतळ आहे. दिल्लीहून निघालेले विमान सुमारे दोन तासांत तेथे येऊन उतरते. याच शहराच्या वायव्येस, सुमारे पंधरा किलोमीटरांवर, देवगिरीचा किल्ला उभा आहे. दिल्ली आणि देवगिरी यांमधील हेच अंतर एके काळी माणसांनी आपल्या पावलांनी मोजले होते.

इ. स. १३२७ च्या सुमारास दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक याने देवगिरीस राजधानी करण्याचे ठरविले व तिला दौलताबाद हे नाव दिले. सरदार, अधिकारी, विद्वान आणि सूफी संत यांना कुटुंबांसह दक्षिणेस जाण्याची आज्ञा झाली. पुढे काही वर्षांनी मोरोक्को देशाचा प्रवासी इब्न बतूता याच वाटेने आला. दिल्लीपासून दौलताबाद चाळीस दिवसांच्या वाटेवर आहे, असे त्याने नमूद केले आहे.

चाळीस दिवस का लागत? आजच्या रस्त्याने हे अंतर सुमारे १,२०० किलोमीटर भरते. चाळीस दिवसांत ते तोडावयाचे, तर दररोज तीस किलोमीटर चालले पाहिजे. एक दिवस तीस किलोमीटर चालणे धडधाकट माणसास जमेल. परंतु असे दिवसामागून दिवस चालत राहणे, तेही मुलाबाळांना व वृद्धांना बरोबर घेऊन, किती कठीण असेल! वाटेत चंबळा, नर्मदा आणि तापी या नद्या, तसेच विंध्य, सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर लागतात. नदीला उतार शोधावा लागे आणि डोंगराला घाट. म्हणूनच जमिनीवरची वाट नेहमी वळणे घेत जाते. सुलतानाने वाटेवर झाडे लावविली होती. तरीही अनेकांनी वाटेतच प्राण सोडले.

विमानाला नदीही अडवीत नाही आणि डोंगरही. त्यामुळे त्याचे अंतर सुमारे ९८० किलोमीटर, म्हणजे रस्त्यापेक्षा बरेच कमी आहे. उंचावर गेलेले विमान ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. या हिशेबाने सव्वा तास पुरावयास हवा. मग दोन तास कशाला? कारण विमान सर्व वेळ एकाच वेगाने जात नाही. प्रथम ते धावपट्टीपर्यंत संथपणे चालते, मग चढत चढत सुमारे दहा किलोमीटर उंची गाठते. उतरण्यापूर्वी त्याला वेग पुष्कळ कमी करावा लागतो. शिवाय ते ठरवून दिलेल्या हवाई मार्गानेच जाते व तो मार्ग सर्वत्र अगदी सरळ नसतो. म्हणून केवळ अंतरास सर्वाधिक वेगाने भागून प्रवासाचा वेळ काढता येत नाही.

काही वर्षांनी सुलतानाने राजधानी पुन्हा दिल्लीस नेली आणि अनेकांना तीच वाट उलट तुडवावी लागली. काही मात्र येथेच राहिले. त्यांच्यापैकी सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांची कबर जवळच खुलदाबाद येथे आहे.

दिल्ली आणि देवगिरी आज जेथे आहेत, तेथेच तेव्हाही होती. बदलले ते अंतर नव्हे, तर ते तोडण्याचे साधन. नकाशावर दोन गावांमधील आकडा वाचताना म्हणूनच आणखी एक प्रश्न विचारावा: हे अंतर कोण, कशाने आणि कोणाच्या इच्छेने तोडणार आहे?