टायर नक्षीवरून जोखू नये

‘सगळ्यात चांगला टायर कुठला?’ गाडीवेड्यांच्या बैठकीत हा प्रश्न निघाला की उत्तरादाखल कुठल्या तरी कंपनीचं नाव येतं आणि वाद सुरू होतो. त्या वादात पडण्याआधी 19 जून 2005 ची इंडियानापोलिसची फॉर्म्युला वन शर्यत आठवावी. त्या मोसमात मिशेलिनच्या टायरवर धावणाऱ्या गाड्यांनी 19 पैकी 18 शर्यती जिंकल्या. हातची गेली ती एवढीच. इंडियानापोलिसचं तेरावं वळण एका बाजूला कललेलं होतं आणि गाड्या तिथून पूर्ण वेगात जायच्या, त्यामुळे डाव्या बाजूच्या मागच्या चाकावर प्रचंड भार यायचा. शुक्रवारच्या सरावात राल्फ शूमाखरचा नेमका तोच टायर तिथे गेला आणि गाडी भिंतीवर आदळली. आपले टायर या वळणावर शर्यतभर टिकतील याची हमी देता येत नाही, असं मग खुद्द मिशेलिननेच आपल्या सात संघांना कळवलं. रविवारी फॉर्मेशन लॅप संपवून 14 गाड्या सरळ पिटमध्ये वळल्या. ब्रिजस्टोनवरच्या सहाच गाड्या शर्यतीला उरल्या. त्यांतल्या एका जॉर्डनमध्ये कोइम्बतूरचा नरेन कार्तिकेयन होता. तो चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला.

वर्षभर सरस असलेला टायर एका वळणाने बाद केला. कुठे धावायचंय, किती भार घेऊन आणि किती तापून, हे सांगितल्याशिवाय ‘चांगला टायर’ या शब्दांना अर्थच नसतो. आपल्याकडे तर पेच आणखी अवघड आहे. मुंबई-पुण्याची हौशी मंडळी ट्रॅक डेसाठी कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला जातात, आणि यातले बरेचजण गाडी चालवतच जातात. म्हणजे तेच चार टायर जुलैतल्या लोणावळ्याच्या घाटात, हायवेच्या हजारभर किलोमीटरवर आणि ट्रॅकवरच्या वीस मिनिटांतही चालले पाहिजेत.

‘नक्षी खोल, तर पकड जास्त’

नक्षी असते पाण्यासाठी. रस्त्यावरचं पाणी खाचांमधून बाजूला गेलं तरच रबर डांबराला भिडतं. रस्ता कोरडा असेल तर खाचांचा काहीच उपयोग नाही, उलट जितकी खाच तितकं रबर कमी. म्हणून शर्यतीचा कोरड्यातला टायर, म्हणजे स्लिक, साफ गुळगुळीत असतो.

नव्या कोऱ्या टायरवर ट्रॅकला गेलेल्यांना याचा दुसरा पैलूही कळतो. रस्त्यासाठीच्या स्पोर्ट्स टायरला नवेपणी सात-आठ मिलिमीटर नक्षी असते. जोरात वळताना त्या नक्षीचे उंच ठोकळे लवतात आणि तापतात, कडेचे तर तुकडेही उडतात. तोच टायर अर्धा झिजला की ट्रॅकवर जास्त ठाम वाटतो. अमेरिकेत शर्यतवाले नव्या टायरची नक्षी मशीनवर मुद्दाम तासून घेतात ती याच कारणासाठी.

पण यातून ‘मग गोटा टायरच बरा’ असा निष्कर्ष कुणी काढू नये. गोटा झालेला टायर आणि स्लिक टायर दिसायला सारखे, पण स्लिकचं रबर मऊ आणि ताजं असतं, तर गोट्याचं बहुधा म्हातारं आणि कडक झालेलं. कायद्याची किमान मर्यादा 1.6 मिलिमीटर आहे. ओल्या रस्त्यावरची पकड मात्र त्याच्या बरीच आधी, तीन मिलिमीटरच्या आसपासच, ढासळू लागते. जून उजाडताना नक्षी मोजावी ती हा आकडा डोळ्यांपुढे ठेवून.

‘नक्षी शाबूत, म्हणजे टायर शाबूत’

हा गैरसमज स्पोर्ट्स कारच्या मालकांना विशेष भोवतो, कारण त्यांच्या गाड्या उभ्याच जास्त असतात. कव्हर घालून सोसायटीच्या बेसमेंटमध्ये ठेवलेल्या गाडीची नक्षी झिजत नाही, पण उष्णता आणि हवेतला ओझोन रबराला सोडत नाहीत. रबर वर्षागणिक कडक होत जातं आणि साइडवॉलवर केसासारख्या भेगा दिसू लागतात.

30 नोव्हेंबर 2013 रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता क्लॅरिटात पोर्शे कॅरेरा जीटीच्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र असे दोघेही गेले. तपासात मुख्य कारण वेग हेच ठरलं. पण गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यामुळे तिच्या वर्तनावर परिणाम झाला असू शकतो, याचीही नोंद झाली. सहाशेहून जास्त हॉर्सपॉवरच्या गाडीला नऊ वर्षं जुनं रबर! त्यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

वय ओळखणं सोपं आहे. साइडवॉलवर ‘डीओटी’ अक्षरांनंतरच्या रांगेत शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत गेलेली असली तर खाली वाकून टॉर्च मारावा लागतो. दुकानात ‘नवा’ म्हणून मिळणाऱ्या टायरवरही ते वाचावेत. जून 2020 पासून सरकारने टायरची आयात परवान्याखाली आणली. तेव्हापासून खास ट्रॅकचे टायर आपल्याकडे दुर्मीळ झालेत, आणि दुर्मीळ माल गोदामात किती काळ पडून होता हे ग्राहकाला कुणी आपणहून सांगत नाही.

‘रेसचा टायर रस्त्यावर तर काय चिकटेल!’

चिकटणार नाही, हे त्याचं सरळ उत्तर. प्रत्येक रबरमिश्रणाचा काम करण्याचा एक तापमानपट्टा असतो. ट्रॅकच्या टायरचा पट्टा वर असतो, आणि जोरकस ब्रेक व वळणं यांनी तापवल्याशिवाय तो तिथवर पोचतच नाही. फॉर्म्युला वनमध्ये टायरला गरम ब्लँकेटं गुंडाळतात ती उगाच नव्हे. सकाळी सातला सिंहगड रोडच्या सिग्नलवर असा टायर गारच असतो, आणि गार असताना तो साध्या चांगल्या स्पोर्ट्स टायरपेक्षा कमी पकडतो. त्यात खाचा थोड्या, म्हणून पावसात आणखी वाईट.

उलटही तितकंच खरं. मिशेलिन पायलट स्पोर्ट 4एससारखा रस्त्याचा टायर पहिल्याच वळणापासून काम करतो. ट्रॅकवर मात्र पाच-सहा फेऱ्या सलग ताणल्या की तो गरजेपेक्षा जास्त तापतो, गाडी लोण्यावरून चालल्यासारखी वाटते आणि रबर भराभर जातं. पायलट स्पोर्ट कप 2 किंवा योकोहामा अ‍ॅडव्हान ए052 हे मधल्या पायरीवरचे: नंबरप्लेटवाल्या गाडीला चालतात, पण मनाने ट्रॅकचे. माझं मत विचाराल तर वर्षातून दोन-तीन ट्रॅक डे करणाऱ्याने पायलट स्पोर्ट 4एसच्या गटातलाच टायर घ्यावा. तो मर्यादेपाशी हळूहळू सुटतो आणि सुटण्याआधी कुरकुरतो. शिकणाऱ्याला ती कुरकुर ऐकू येणं फार मोलाचं. जास्त चिकट टायर उशिरा सुटतो, पण सुटतो तेव्हा सावरायला वेळ देत नाही.

स्टुटगार्ट-म्युनिककडच्या मराठी मंडळींचा प्रश्न वेगळा. तापमान सात अंशांखाली गेलं की उन्हाळी स्पोर्ट्स टायर कडक व्हायला लागतो. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर कायद्यानेच लागतात. ट्रॅकचा टायर तर कडाक्याच्या थंडीत गाडी हलवताना तडकूही शकतो.

‘टायर रुंद केला की जास्त रबर टेकतं’

दीड टनाच्या गाडीच्या एका चाकावर साधारण 375 किलो भार येतो. टायरमध्ये 32 पीएसआय हवा असेल तर तो भार पेलायला ढोबळमानाने 165 चौरस सेंटिमीटर जागा लागते, पोस्टकार्डापेक्षा थोडी जास्त. हवा तीच ठेवून टायर रुंद केला तर ही जागा फारशी वाढत नाही, तिचा आकार बदलतो. पूर्वी लांबट होती ती आता आडवी होते. वळणात या आकाराचा फायदा मिळतो आणि रबर जास्त असल्याने उष्णताही वाटली जाते. त्यासाठीच पोर्शे 911 कॅरेरा एसला मागे 305 आणि पुढे 245 मिलिमीटर रुंदीचे टायर येतात. पण आडव्या टायरला समोरचं पाणी जास्त कापावं लागतं आणि डांबरावर पडलेल्या चाकोऱ्यांत स्टिअरिंग ओढलं जातं. रुंद टायरच्या जोडीला मोठी रिम आणि पट्टीएवढी साइडवॉल आली की आपल्या खड्ड्यांचा पहिला दणका साइडवॉललाच. तिथे फुगा आला म्हणजे आतले धागे तुटलेत. त्यावर पॅच नाही, इलाज नाही, टायर काढून टाकायचा.

हवेचे घोटाळे

सगळ्यात जास्त गैरसमज बिनपैशाच्या या गोष्टीबद्दल आहेत. ‘नायट्रोजन भरला की प्रेशर वाढत नाही’ हा त्यांतला लाडका. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो आणि तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. फरक पडतो तो ओलाव्याचा. कंप्रेसरची हवा दमट असली तर तापल्यावर आतल्या पाण्याची वाफ होऊन प्रेशर जरा लहरी वागतं. शर्यतवाल्यांना कोरडा वायू हवा असतो तो त्यासाठी. रोजच्या वापराला गेज खिशात असणं पुरे.

तापल्यावर नेमकं किती वाढतं? सकाळी 25 अंशांना 30 पीएसआय भरून ट्रॅकवर उतरलात आणि आतली हवा 80 अंशांपर्यंत तापली, तर गेज 38 दाखवेल. त्यामुळे टायर मधोमध फुगतो, मधलाच पट्टा टेकतो आणि गाडी सरकू लागते. म्हणून ट्रॅकवर गरम प्रेशर महत्त्वाचं. सेशन संपवून आलं की लगेच चारही टायर मोजायचे आणि गाडीला मानवणाऱ्या आकड्यापर्यंत हवा काढायची. तो आकडा त्याच गाडीवर, त्याच टायरवर चालवणाऱ्याकडून घ्यावा आणि मग आपला आपण पक्का करावा.

‘पावसात हवा कमी ठेवावी, पकड वाढते’ हा सल्ला तर धोकादायकच. विमानाच्या चाकांवरच्या प्रयोगांतून 1960 च्या दशकात नासाने एक सूत्र दिलं: पाणी नक्षीच्या आवाक्याबाहेर गेलं की चाक कुठल्या वेगाला पाण्यावर तरंगेल हे हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. त्या हिशेबाने 32 पीएसआयला तो वेग ताशी सुमारे 94 किलोमीटर निघतो आणि 26 ला 85. कारच्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे. हवा कमी केली की गाडी आधी तरंगते. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कारची वेगमर्यादा 100 आहे, हे इथे ध्यानात घ्यावं.

साइडवॉलवरचे आकडे

डब्ल्यू म्हणजे 270 आणि वाय म्हणजे ताशी 300 किलोमीटर. ही अक्षरं त्या वेगाला टायर भार पेलून शाबूत राहील एवढंच सांगतात, पकडीबद्दल अवाक्षर नाही. ‘ट्रेडवेअर 200’ वगैरे आकडा अमेरिकी पद्धतीचा. टेक्सासच्या रस्त्यांवर 7,200 मैल गाडी चालवून प्रमाण टायरच्या तुलनेत झीज मोजतात, पण अंतिम आकडा कंपनी स्वतःच ठरवते. त्यामुळे एका कंपनीचा 200 आणि दुसरीचा 200 यांच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. एकाच कंपनीचे दोन टायर ताडून पाहायला तो ठीक.

‘नवी जोडी पुढे टाका’

पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीलाही नवी जोडी मागेच. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलला की बहुधा सावरते. मागची सुटली तर गिरकी घेते.

‘टायर घातले की झालं’

चिकट टायर आला की ब्रेकला जास्त काम पडतं आणि ब्रेक ऑइल उकळण्याचा धोका वाढतो. डॉट 4 चं नवं ऑइल किमान 230 अंश सोसतं, पण ते हवेतला ओलावा पीत असतं आणि दोन वर्षांत ती मर्यादा बरीच खाली येते. टायरच्या बजेटमध्ये ब्रेक ऑइलचे पैसे आधी काढून ठेवावेत.

मग अलाइनमेंट. कारखान्यातून आलेल्या कॅम्बरवर (चाकाच्या उभ्या कलावर) ट्रॅक केला तर टायरची बाहेरची कड गोल होऊन बसते आणि आतली नवीच राहते. हे पाहण्याची जुनी युक्ती म्हणजे खडू. नक्षी आणि साइडवॉल मिळतात तिथे, कडेवरून खाली उतरणारी रेघ ओढायची आणि तीन-चार फेऱ्या मारून यायचं. रेघ नक्षीच्या काठापर्यंतच पुसली गेली असेल तर ठीक. साइडवॉलवर खाली उतरून पुसली असेल तर टायर कडेवर लोळतोय: हवा कमी आहे किंवा कॅम्बर अपुरा आहे. काठाच्या अलीकडेच रेघ शाबूत राहिली तर हवा जास्त आहे, किंवा तुम्ही अजून हळू चालवताय.

आणि परतीच्या प्रवासाचं. गरम टायरमधून हवा काढून 38 चे 34 केलेत, तर गाडी रात्रभर गार झाल्यावर सकाळी तेच टायर 26 वर आलेले असतात. कोइम्बतूरहून पुण्याला निघताना, बॅगा डिकीत टाकण्याआधी, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेल्या आकड्याएवढी हवा पुन्हा भरायची, टायर गार असतानाच.