पोटातली गाठ उशिरा का कळते?

परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर १९४१ पासून हाच प्रश्न घेऊन माणसं येतात: "आधी दुखलं कसं नाही?"

पोट म्हणजे गर्दीची लोकल. नवा माणूस शिरला की बाकीचे सरकून घेतात. तशीच आतडी सरकतात आणि गाठीला जागा मिळते. स्वादुपिंड तर जठराच्या मागे, पार कण्याजवळ; चाचपून हाताला लागत नाही. त्याला खेटूनच यकृताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी जाते. गाठ तिला नुसती टेकली आहे की विळखा घालून बसली आहे, हे सीटी स्कॅनवर बारकाईने पाहतात. आधी शस्त्रक्रिया की केमोथेरपी, ते बऱ्याचदा यावरच ठरतं.

कारणाशिवाय वजन उतरलं, डोळे पिवळे झाले, तर पित्ताच्या गोळ्यांवर दिवस काढू नका. डॉक्टरांना दाखवा.