९११ की एम३: आधी काय मोडेल?

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, शेवटी कुठली घेतोयस? तर ऐका. इथे जर्मनीत दोन जुन्या गाड्या बघून ठेवल्यात. २००३ची पोर्शे ९११, म्हणजे ९९६ मालिका, ३२० हॉर्सपॉवर. आणि त्याच वर्षाची बीएमडब्ल्यू एम३, ई४६, ३४३. चालवायला दोन्ही वेड लावतात, त्यामुळे वेगाचं सोडा.

९११च्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टला एक छोटं बेअरिंग असतं. ते गेलं की टायमिंग बिघडतं, धातूचा चुरा तेलातून फिरतो आणि इंजिनच बाद. सगळ्यांचं जात नाही, पण जाण्याआधी आवाज देईलच असंही नाही. बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून लोक क्लचच्या कामातच ते उरकतात. या गाडीचा क्लच बदललाय. बिलात बेअरिंग मात्र नाही!

एम३चं दुखणं मागे आहे. सबफ्रेम बॉडीला जिथे जोडलाय, तिथला पत्रा तडकतो. पण तडा लिफ्टवर चढवून, टॉर्च मारून बहुतेक वेळा दिसतो. मी खाली उभं राहून पाहिलं, नाहीये. कनेक्टिंग रॉडची बेअरिंगंही झिजतात. ती बदलल्याचं बिल आहे.

मन अजून ९११वरच आहे, खोटं कशाला बोलू? पण सगळी बचत न दिसणाऱ्या बेअरिंगवर लावायची हिंमत नाही. शनिवारी एम३चा ॲडव्हान्स देतोय.